मसाल्याचं पाकीट आणि काउंटरखालची पिशवी: छोट्या गृहउद्योगाने प्लास्टिकचे नियम कसे पाळावेत

मागच्या दिवाळीच्या तोंडावर मला एक फोन आला. "मॅडम, तुमच्या चटण्या-मसाल्याचं ईपीआर झालंय का? नाही? मग दंड लाखांत जातो." ईपीआर म्हणजे आपण बाजारात आणलेल्या प्लास्टिकची जबाबदारी, त्याबद्दल पुढे सांगते. चाळीस हजारांत 'सगळं करून देतो' म्हणाला. तीन रात्री झोप नाही. चौथ्या दिवशी आमच्या दुकानात प्लास्टिक तपासणारं पथक खरंच आलं. त्यांनी ईपीआरचा ई सुद्धा काढला नाही. सरळ वाकले, काउंटरखालून पातळ पारदर्शक पिशव्यांचा गठ्ठा ओढला (सुटे पापड त्यात भरून द्यायचो) आणि पाच हजारांची पावती फाडली.

पुढचे दोन महिने मी नियम वाचले, लोकांना विचारलं, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात जाऊन बसले. तेव्हा उमगलं ते असं: आपण छोटे उद्योजक ज्याला घाबरतो ते बहुतेक वेळा आपल्याला लागूच नसतं, आणि जे लागू असतं ते काउंटरखाली पडलेलं असतं. मसाले, पापड, फराळ, लोणची, चिक्की असलं काही पॅक करून विकायला नुकतीच सुरुवात केली असेल, तर हे तुमच्यासाठी.

१. आधी सगळं प्लास्टिक टेबलावर मांडा

कायद्यापासून सुरुवात करू नका, टेबलापासून करा. माल बाहेर जाताना त्याच्यासोबत जे जे प्लास्टिक जातं, त्याचा एकेक नमुना काढा. पाऊच, बरणी, झाकण, झाकणावरचं सील, श्रीखंडाच्या डब्यातला चमचा, कुरिअरची पिशवी, खोक्यावरची टेप, गिऱ्हाइकाच्या हातात देतो ती पिशवी. माझ्या टेबलावर चौदा प्रकार निघाले. मला वाटत होतं, चार असतील.

आता त्यांचे दोन ढीग करा. एका बाजूला कारखान्यात किंवा घरच्या युनिटमध्ये माल भरून सीलबंद होतं ते वेष्टन. दुसऱ्या बाजूला काउंटरवर, गिऱ्हाइकासमोर वापरतो ते. राज्याचा नियम या दोन ढिगांकडे वेगवेगळ्या नजरेने बघतो. उत्पादनाच्या वेळीच मालाला लागणाऱ्या वेष्टनाला अटींसह मुभा आहे. हातात देण्याच्या प्लास्टिक पिशवीला, तिला धरायचे बंद असोत वा नसोत, मुभा नाही. आमचे पापड युनिटमध्ये सीलबंद करून विकले असते तर चाललं असतं. तेच पापड सुटे तोलून पातळ पिशवीत दिले आणि पाच हजार गेले.

२. काउंटर रिकामं करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण दंड इथेच होतो.

महाराष्ट्रात दोन बंद्या एकावर एक बसलेल्या आहेत. राज्याची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची, २००६ च्या अविघटनशील कचरा नियंत्रण कायद्याखाली काढलेली. तिची प्रत्यक्ष कारवाई तीन महिन्यांनी, २३ जूनपासून सुरू झाली. दुसरी केंद्राची, १ जुलै २०२२ पासूनची, एकदाच वापरून फेकायच्या ठरावीक वस्तूंवर. केंद्राच्या नियमात हातातली पिशवी १२० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल तर चालते, आणि घाऊक बाजारातला विक्रेता तेच सांगून माल खपवतो: "ताई, एकशेवीस आहे, बिनधास्त घ्या." दुसऱ्या राज्यात असाल तर कदाचित बिनधास्त. महाराष्ट्रात नाही. आपल्याकडे जो नियम जास्त कडक तो पाळायचा, एवढं साधं ठेवा.

राज्याचा दंड पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. कारवाईचे अधिकार बऱ्याच जणांना आहेत: पालिकेचे स्वच्छता निरीक्षक, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी, गावपातळीवर तलाठी आणि ग्रामसेवकसुद्धा. 'आमचं दुकान गावात आहे, इथे कोण येतंय' या भ्रमात राहू नका.

आता खाद्यपदार्थवाले हमखास कुठे अडकतात ते सांगते.

*फराळाच्या खोक्यावरची पारदर्शक फिल्म.* मिठाईच्या खोक्यांभोवती गुंडाळायच्या प्लास्टिक फिल्मवर केंद्राची बंदी आहे. निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटच्या पाकिटांवरच्या फिल्मवरही. दिवाळीत भेटखोकी चकचकीत दिसावीत म्हणून आम्ही हौसेने ती गुंडाळायचो. आता जाड कागदाची पट्टी आणि सुतळी. एकाही गिऱ्हाइकाने चौकशी केली नाही, उलट दोघींनी सुतळी छान दिसते म्हणून सांगितलं.

*डब्यातला चमचा.* प्लास्टिकचे चमचे, काटे, सुऱ्या, स्ट्रॉ, ट्रे, प्लेट, कप, ग्लास सगळं बंद. कुल्फीची आणि कँडीची प्लास्टिक काडीही. श्रीखंड, खरवस विकणाऱ्यांनी लाकडी चमचा घ्यावा. पण तो पाण्यात बुडवून, वाळवून, जिभेला लावून बघा. स्वस्तातल्या चमच्याला कुसं असतात आणि श्रीखंडाला लाकडाचा वास लागतो.

*कागदी दिसणारे कप आणि वाट्या.* 'आमचं कागदाचं आहे' म्हणून निर्धास्त राहणारे बरेच. आतून प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी प्लेट, ग्लास, वाट्याही राज्याने जुलै २०२२ मध्ये बंदीत घेतल्या. घरी तपासायला कप तासभर गरम पाण्यात ठेवा आणि मग फाडा. कागदाचा लगदा सुटून हातात पातळ पापुद्रा राहिला, तर तो प्लास्टिकचा थर.

*कापडासारखी दिसणारी पिशवी.* दुकानाचं नाव छापून मिळणारी, बारीक ठिपक्यांची, हलकी पिशवी कापडाची नसते. ती नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. काडीने कोपरा पेटवून बघा. कापड जळून राख होते, ही वितळून गोळा होते. ६० जीएसएमच्या खालची अजिबात घेऊ नका. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. हिशोब असा: ३० बाय ४० सेंटिमीटरची पिशवी दोन्ही बाजू धरून ०.२४ चौरस मीटर भरते. अशा दहा पिशव्या, धरायचे बंद सोडून, १४४ ग्रॅमपेक्षा कमी भरल्या तर माल हलका. मला हा हिशोब समजल्यावर आधीच्या मालाचं वजन केलं. ऐंशी ग्रॅम! मी आता साध्या मांजरपाटाच्या पिशव्या शिवून घेते आणि त्यांचे पैसे लावते. कुरकुर होते. होऊ दे.

*वर्तमानपत्र.* प्लास्टिक बंद म्हणून भजी-शेव रद्दीत बांधून देणं ही आगीतून फुफाट्यात उडी. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन नियमांनी मनाई केली आहे. छपाईची शाई तेलात उतरते. कोरा, खाद्यपदार्थांसाठीचा कागद घ्या.

*'कंपोस्टेबल' छापलेली पिशवी.* हिरवं पान छापलं की माल हिरवा होत नाही. कंपोस्टेबल म्हणून विकायच्या प्लास्टिकला आयएस १७०८८ हे मानक लागतं आणि बनवणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र असावं लागतं. प्रमाणपत्राची प्रत मागा. विक्रेत्याने विषय बदलला तर तिथून निघा.

दुकान सजवतानाही जपा. सजावटीचा थर्माकोल, प्लास्टिकचे झेंडे, फुग्यांच्या प्लास्टिक काड्या आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ बॅनर हेही यादीत आहेत.

३. पाऊचची जाडी घरीच मोजा

पॅकिंगच्या साध्या, एकाच थराच्या प्लास्टिकला ५० मायक्रॉन ही किमान जाडी आहे. जाडी वाढवल्याने मालाच्याच कामात अडथळा येत असेल तर नियमात सूट आहे, पण तसं आहे हे दाखवायची जबाबदारी आपल्यावर येते. छोट्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

पाकिटावर ५१ छापलं म्हणजे ५१ असतंच असं नाही. मापायला मायक्रोमीटर मिळतो, पण स्वयंपाकघरातला वजनकाटाही पुरतो. एलडीपीईचं, म्हणजे नेहमीच्या मऊ, लवचिक प्लास्टिकचं, २० बाय ३० सेंटिमीटरचं साधं पाकीट घ्या. दोन्ही बाजू मिळून १,२०० चौरस सेंटिमीटर. ५० मायक्रॉन जाडीला त्याचं वजन साडेपाच ग्रॅम येतं. म्हणून दहा पाकिटं ५५ ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजेत. माझ्या जुन्या पुरवठादाराची दहा पाकिटं ३८ ग्रॅम भरली, म्हणजे जेमतेम ३५ मायक्रॉन. त्याला काट्याचा फोटो पाठवला तर म्हणाला, "ताई, सगळे हेच घेतात." तो पुरवठादार आता माझा नाही.

मायक्रोमीटर वापरलात तर दोन गोष्टी विसरू नका. पाकीट बंद असताना मापलं तर दोन थर मापले जातात, निम्मं करा. आणि शिलाईजवळ मापू नका. वजनाची ही युक्ती झिपवाल्या किंवा अनेक थरांच्या पाऊचला लागू होत नाही.

४. ईपीआर: तुम्ही नक्की कोण आहात?

आता त्या फोनवाल्याचा विषय. ईपीआर म्हणजे उत्पादकाची विस्तारित जबाबदारी. ज्याने प्लास्टिक बाजारात आणलं त्यानेच तेवढं परत गोळा करून पुनर्चक्रणाला जाईल हे बघायचं. प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाचे नियम २०१६ चे, पण या जबाबदारीची पक्की चौकट १६ फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने आली.

तीन भूमिका आहेत. *उत्पादक*: जो प्लास्टिकचं वेष्टन बनवतो. *आयातदार*: जो ते, किंवा त्यात गुंडाळलेला माल, परदेशातून आणतो. *ब्रँड-मालक*: जो नोंदवलेल्या नावाखाली किंवा व्यापारचिन्हाखाली माल विकतो. तयार पाऊच विकत घेऊन त्यात आपल्या नावाचा मसाला भरणारे आपण बहुतेक तिसऱ्या खणात बसतो. दुसऱ्याच्या नावाने माल भरून देत असाल तर ब्रँड-मालक तो, तुम्ही नाही.

आणि सूक्ष्म किंवा लघु उद्योग असलेल्या ब्रँड-मालकावर ही जबाबदारी टाकलेली नाही. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत अडीच कोटी आणि उलाढालीत १० कोटी, लघु उद्योगाची २५ कोटी आणि १०० कोटी. माझी उलाढाल सांगितली तर तुम्ही हसाल. चाळीस हजार कशासाठी मागत होता तो?

म्हणून तुमच्यासाठी महत्त्वाचा कागद ईपीआरचा नव्हे, उद्यम प्रमाणपत्राचा, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंदणी झाल्याचा. ते सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅन घेऊन फुकट निघतं. इथेही सापळा आहे: सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळं शोधात वर येतात आणि 'शुल्क' घेतात. पैसे मागितले की पान बंद करा.

सूट कुणाला नाही तेही बघा. तुम्ही स्वतः रोलमधून पाऊच बनवून दुसऱ्यांना विकत असाल तर तुम्ही उत्पादक झालात, आणि उद्योग लहान म्हणून नोंदणी चुकत नाही. आयातदारालाही लहानपणाची सूट नाही. आमच्या ओळखीतल्या एकाने परदेशातून काचेच्या देखण्या बरण्या मागवल्या. त्या प्लास्टिकच्या वेष्टनात आल्या, आणि बंदरावर पोचेपर्यंत आपण आयातदार झालोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

५. नोंदणी लागतच असेल तर

केंद्रीय मंडळाच्या ईपीआर पोर्टलवर अर्ज होतो. एक किंवा दोन राज्यांत काम असेल तर अर्ज राज्य मंडळाकडे जातो, त्याहून जास्त राज्यांत असेल तर केंद्रीय मंडळाकडे. जवळ ठेवायचे कागद:

- पॅन, जीएसटी क्रमांक, कंपनी असल्यास तिचा नोंदणी क्रमांक
- अर्ज करणाऱ्या अधिकृत व्यक्तीचं आधार आणि पॅन
- आयात असल्यास आयात-निर्यात संकेतांक
- उत्पादन युनिट असल्यास मंडळाचं संमतिपत्र
- गेल्या दोन वर्षांत किती प्लास्टिक घेतलं, त्याचा राज्यवार आणि प्रकारवार हिशोब, बिलांसह

रडवतो तो शेवटचा मुद्दा. प्रकार असे: पहिला टणक प्लास्टिक, म्हणजे बरण्या, डबे. दुसरा लवचिक, म्हणजे पाऊच, पिशव्या, एक थराचे किंवा वेगवेगळ्या प्लास्टिकच्या थरांचे. तिसऱ्यात प्लास्टिकसोबत दुसऱ्याच पदार्थाचा थर असतो, जसं ॲल्युमिनियम फॉइल. पुढे कंपोस्टेबल आणि जैवविघटनशील. बिलावर नुसतं 'पाऊच ५ किलो' असेल तर दोन वर्षांनी तो कुठल्या प्रकारातला होता हे देवालाही सांगता यायचं नाही. बिलावर प्रकार आणि जाडी आजपासून लिहून घ्या.

नोंदणी झाल्यावर ठरलेल्या वजनाची प्रमाणपत्रं नोंदणीकृत पुनर्चक्रण उद्योगांकडून घ्यावी लागतात आणि वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत भरावं लागतं. स्वस्तात प्रमाणपत्रं देणाऱ्यापासून लांब राहा. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत चार पुनर्चक्रण कंपन्यांनी मिळून सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं काढल्याचं उघड झालं होतं, आणि त्यात महाराष्ट्रातल्या कंपनीचाही समावेश होता. प्रत्यक्षात एक किलोही प्लास्टिक वितळलेलं नसताना कागद मात्र विकला जातो.

६. पुरवठादाराकडून काय घ्यायचं

पाऊच बनवणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, जीएसटीचं पक्कं बिल आणि खाद्यपदार्थांसाठी योग्य असल्याचा दाखला. वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी यावी लागते. १ जुलै २०२५ पासून ही माहिती बारकोड किंवा क्यूआर कोडमधून द्यायचीही सोय झाली आहे. छपाईचा नमुना हातात आला की दोन हजार पाऊच छापायच्या आधी हे बघा. छापून झाल्यावर चिकटपट्टी लावत बसायची पाळी माझ्यावर आली होती. एका रविवारी घरचे सगळे, अगदी सासूबाईसुद्धा, दिवसभर स्टिकर लावत होत्या.

७. पथक आलं तर

हुज्जत घालू नका आणि घाबरूही नका. ओळखपत्र बघा. काय जप्त केलं, किती वजनाचं, ते लिहून मागा. दंड भरलात तर पावती घ्याच. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका, कितीही 'मिटवून टाकू' म्हटलं तरी. पाऊचची बिलं, पुरवठादाराचा दाखला आणि उद्यम प्रमाणपत्र एका फाइलमध्ये काउंटरवरच ठेवा. मालक घरी आणि फाइल कपाटात असेल तर काउंटरवरची पोरगी काय बोलणार बिचारी? दुसऱ्यांदा पथक आलं तेव्हा आमच्या मदतनीस मुलीने फाइल उघडून समोर ठेवली. त्यांनी चाळली, एक पाऊच चिमटीत धरून चोळला, आणि पाव किलो शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले. पैसे देऊन.

८. उरलेल्या प्लास्टिकचं काय

फाटके पाऊच, रोलचे तुकडे, मालाच्या गोण्यांतली आतली पिशवी हे सगळं आपल्याकडेच तयार होतं. संध्याकाळी मागच्या अंगणात पेटवून द्यायची सवय असेल तर थांबवा. उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये दंड राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच ठरवून दिला आहे. आणि तो धूर आपल्याच वाळवणावर बसतो.

तीन गोण्या टांगा. एकीत स्वच्छ पारदर्शक एलडीपीई आणि दुधाच्या पिशव्या, प्लास्टिकवर छापलेल्या त्रिकोणातला आकडा ४. दुसरीत बरण्या आणि झाकणं, आकडे १, २ आणि ५. तिसरीत चकाकणारे, फॉइलचे, अनेक थरांचे पाऊच. पहिल्या दोन गोण्या भंगारवाला आनंदाने नेतो. तिसरीला तो हात लावत नाही, कारण थर सुटे होत नाहीत. ती पालिकेच्या सुक्या कचऱ्यात द्या. तिथून असा माल सिमेंटच्या भट्ट्यांत जाळायला जाऊ शकतो.

तेलकट पाऊच धुतल्याशिवाय पहिल्या गोणीत टाकू नका. आमचा भंगारवाला गोणीत हात घालून आधी वास घेतो. लोणच्याच्या तेलाचा वास आला की भाव निम्मा, किंवा 'ठेवा तुमच्याकडेच'. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, नुसती चीर द्या. तो तुटलेला त्रिकोणी तुकडा नखाएवढा असतो, कुठल्याच गोणीत पोचत नाही. मोरीच्या जाळीत मात्र हमखास सापडतो.